आवाज कुणाच्या हातात?

(निवारागृहांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळपासून आपण अनुदान, पोलीस आणि कोर्टाच्या तारखा यांवर बोलतो आहोत. मी जरा वेगळा विषय घेणार आहे. आमच्या निवारागृहात आम्ही घरभर गाणी ऐकू येतील अशी व्यवस्था बसवली, तिची ही हकीकत. काहीजणी हसल्या, ते मला दिसलं. मीही आधी हसलेच होते. छप्पर गळतंय आणि गाणी कसली?

झालं असं की, एका बाईंनी आपल्या आईच्या आठवणीसाठी 18,000 रुपये दिले. अट एकच होती. हे पैसे धान्यात, औषधात घालायचे नाहीत, राहणाऱ्या बायकांच्या आनंदासाठीच वापरायचे. आम्ही सगळ्यांना बसवून विचारलं. टीव्ही नको, असं बहुतेकींनी सांगितलं. टीव्हीपुढे बसावं लागतं आणि रिमोटवरून भांडणं होतात. पोळ्या लाटताना, मशीनवर बसलेलं असताना कानावर पडेल असं काही हवं होतं. म्हणजे गाणी.

मला वाटलं, ठरलं. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली एकजण म्हणाली, “ताई, माझ्या खोलीत नको.” का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “तो मारायला लागला की आधी टीव्हीचा आवाज मोठा करायचा. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.”

सगळ्या गप्प झाल्या. मग एकेक बोलू लागली. कुणाच्या घरी सासरे आले की रेडिओ बंद. कुणाला कामात गुणगुणलं म्हणून बोलणी बसलेली. कुणाच्या नवऱ्याला रात्री बारापर्यंत गाणी लागायची आणि पाच वाजता उठून पाणी भरायचं हिनं. घरातला आवाज कुणी वाढवायचा, कुणी बंद करायचा, हा साधा प्रश्न नाही. घरातली सत्ता कुणाकडे आहे, ते त्यातून कळतं. आपण समाजकार्याच्या शिक्षणात ‘सुरक्षित वातावरण’ हा शब्द वाचतो. पण ज्या बाईला मोठा आवाज म्हणजे मार, असं शरीरानंच शिकलेलं आहे, तिच्या डोक्यावर आपण तिला बंद करता न येणारा भोंगा टांगला तर ते वातावरण सुरक्षित कसं?

म्हणून पहिला नियम ठरला. प्रत्येक खोलीत आवाजाचं स्वतंत्र बटण, आणि ते पूर्ण बंद करता येणारं. ऑफिसात एकच बटण असेल तर व्यवस्थाच बसवायची नाही.

आता हे पैशात कसं बसवायचं? एका दुकानदाराने वायफायवर चालणारे स्पीकर दाखवले. खोलीगणिक एक धरून हिशेब सत्तर हजारांवर गेला. शिवाय त्यातल्या काहींना मायक्रोफोन असतो, तो सतत हुकमाची वाट पाहत असतो. पाळतीतून सुटून आलेल्या बायकांच्या खोलीत ऐकणारं यंत्र ठेवायचं नाही, हे आम्ही तिथेच ठरवलं.

दुसरा मार्ग घरच्या स्टिरिओला जास्तीचे स्पीकर जोडायचा. तो स्वस्त वाटतो, पण फसतो. घरगुती स्पीकर बहुधा 8 ओहमचा असतो. असे दोन समांतर जोडले की अडथळा 4 ओहम होतो, चार जोडले की 2, आणि सात जोडले की जेमतेम 1. अडथळा कमी म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवर ओढ जास्त. तो तापतो, बंद पडतो, नाहीतर जळतो.

उपाय सापडला तो शाळेत आणि रेल्वे स्टेशनावर वापरतात तोच. त्याला शंभर व्होल्टची लाइन म्हणतात. यात प्रत्येक स्पीकरच्या मागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. आवाजाची शक्ती जास्त दाबाने आणि कमी प्रवाहाने तारेतून जाते. लांबच्या गावाला वीज याच तत्त्वावर पाठवतात. आमच्या सगळ्या स्पीकरना मिळून 30 वॅट लागतात, म्हणजे तारेत प्रवाह जेमतेम 0.3 अ‍ॅम्पिअर. त्यामुळे साधी दोन पदरी तार चालते आणि स्पीकर एकामागून एक त्याच तारेला जोडत जाता येतात.

हिशेब ओहमचा नाही, वॅटच्या बेरजेचा. तो आमच्या सातवी शिकलेल्या मावशींनी केला. हॉल, स्वयंपाकघर आणि शिवणाची खोली या गोंगाटाच्या जागांना 6 वॅट, म्हणजे 18. झोपायच्या चार खोल्यांना 3 वॅट, म्हणजे 12. एकूण 30. अ‍ॅम्प्लिफायरच्या ताकदीच्या ऐंशी टक्क्यांच्या आत राहावं, म्हणून 40 वॅटचा घेतला. तो घेताना मागे ‘100 व्होल्ट’ लिहिलेली जोडणीची जागा आहे ना, ते पाहून घ्या.

खर्च सांगते, कारण तुम्ही तोच विचारणार. लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्याकडून जुना अ‍ॅम्प्लिफायर 3,500. सात स्पीकर, 650 प्रमाणे 4,550. सात बटणं, 450 प्रमाणे 3,150. तार 1,900. पट्ट्या, स्क्रू वगैरे 900. वायरमनची मजुरी 1,500. एकूण 15,500. उरलेले 2,500 दुरुस्तीसाठी ठेवले. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच.

काळजी दोन गोष्टींची घ्या. शंभर व्होल्टचा झटका बसू शकतो, म्हणून जोडणी करताना अ‍ॅम्प्लिफायर बंद हवा. तार घराच्या विजेच्या पाइपातून न्यायची नाही, वेगळ्या पट्टीतून न्यायची. न्हाणीघरात स्पीकर नको. आणि हेही सांगते, मैफिलीसारखं काही ऐकू येत नाही. खर्जाचा आवाज कमी येतो. पण लता मंगेशकर लता मंगेशकरच वाटतात.

बसवायच्या दिवशी एका मुलीने वायरमनला थांबवलं आणि मला बाजूला घेतलं. म्हणाली, “ताई, यातून आमचं बोलणं ऑफिसात ऐकू येतं का?” तिच्या नवऱ्याने तिच्या खोलीत चालू फोन लपवून ठेवला होता. ‘छे गं, काहीतरीच!’ असं म्हणणं सोपं होतं. पण ते खोटं ठरलं असतं. स्पीकर उलट्या बाजूने मायक्रोफोनचं काम करू शकतो, जुन्या इंटरकॉममध्ये तर एकच डबा बोलायला आणि ऐकायला वापरत. मी तिला तेच सांगितलं. मग वायरमनदादांनी सगळ्यांसमोर अ‍ॅम्प्लिफायरची मागची बाजू दाखवली. ही तार बाहेर जाणारी, आत ऐकण्याची सोय या यंत्रात नाही. आणि खोलीतलं बटण बंदवर नेलं की स्पीकरची तार तुटते, हे मीटर लावून दाखवलं. तिने स्वतः चार वेळा बटण फिरवून पाहिलं. मैत्रिणींनो, विश्वास ठेव असं सांगण्यापेक्षा तपासून पाहा असं सांगणं बरं. त्या दिवसापासून नवी बाई आली की तिला कपाटाच्या किल्लीबरोबर हे बटणही दाखवतो.

आता माझी चूक. पहिल्या महिन्यात मी माझाच फोन ब्लूटूथने जोडला होता. गाणी चालू असताना एक आवाजी निरोप आला, सवयीने मी तो उघडला, आणि एका बाईच्या गावाचं नाव आणि तिच्या केसची तारीख घरभर ऐकू गेली. मी तिची माफी मागितली, सर्वांसमोर मागितली. त्यानंतर सिमकार्ड नसलेला जुना फोन ठेवला. त्यात मेमरी कार्डावर गाणी, आणि जोडणी तारेने. कार्यकर्तीचा फोन या यंत्राला कधीही लावायचा नाही.

बाकीचे नियम बायकांनीच केले. काय लावायचं ते पाळीने ठरतं. रात्री नऊला सगळं बंद. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेसाठी 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत 45 डेसिबलची मर्यादा आहे, पण आमचं कारण त्याहून जवळचं आहे. आपला पत्ता गुप्त असतो, लोकांचं लक्ष जाईल असा आवाज बाहेर जाता कामा नये. म्हणून ओसरीवर स्पीकर लावला नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा माइक आम्ही कार्यकर्त्या हाक मारायला वापरत नाही. कुणाला बोलवायचं तर उठून खोलीपर्यंत जायचं. आग लागणं, वायू गळणं अशा संकटात घंटा आहे, ती वेगळी.

माइक फक्त रविवारी दुपारी निघतो, आणि तो त्यांच्या हातात असतो. एकदा मावशींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पहाटे दळताना बाई आपलं मन मोकळं करायची, त्या घटकेचा आवाज तिचा असायचा. जातं गेलं आणि ती जागाही गेली.

आणि कोपऱ्यातली ती? तिच्या खोलीत स्पीकर बसवला, तो तिच्या होकाराने. पाच महिने तिचं बटण बंदवर होतं. कुणी तिला एकदाही विचारलं नाही. सहाव्या महिन्यात एका संध्याकाळी तिच्या दारावरून जाताना मला बारीक आवाजात गाणं ऐकू आलं. मी थांबले नाही, पुढे गेले.

तुमच्या संस्थेत छपराचे, धान्याचे प्रश्न आधी असतील, ते आधीच सोडवा. पण उद्या परत गेल्यावर एवढं पाहा, तुमच्या घरात आवाज बंद करायचं बटण कुणाच्या हातात आहे?