कुलपाची चावी कोणाकडे?



शाळा आम्हांला थोडीच लाभली. पुढचे शिक्षण गिरणीच्या दारावरील सभांत झाले. तेथे कामगार मध्येच उठून म्हणतो, "ते राहू द्या, टाळेबंदीचे सांगा!" वक्त्याला तिकडे वळावेच लागते. चित्रफितीला असे वळविता येईल काय?

येते. 2014 साली प्रमाणित झालेल्या एचटीएमएल5मुळे ब्राउझर स्वतःच चित्रफीत चालवितो. त्यासाठी कोणाला पैसे मोजावे लागत नाहीत. जावास्क्रिप्टच्या थोड्या ओळी लिहिल्या की ती ठरल्या क्षणी थांबते आणि विचारते : टाळेबंदी साचेवाल्याकडून ऐकायची, की त्याच्या घरधनिणीकडून? उत्तराप्रमाणे पुढचा भाग लागतो. बोलण्याचा मजकूर वेळेच्या आकड्यांसह निराळ्या साध्या फाइलीत राहतो. म्हणून अहिराणी बोलाखाली मराठी ओळी देता येतात. मुंबईच्या पॅड.मा संग्रहाने 2008 पासून कच्च्या चित्रणाला अशाच क्षणवार टिपा जोडल्या आहेत.

खुलेपणाचा हट्ट कशाला? पूर्वी अशा कथा फ्लॅशमध्ये रचीत. ते एका कंपनीचे होते. 31 डिसेंबर 2020 रोजी तिने त्याचा आधार काढला आणि कितीतरी कथा मुक्या झाल्या.

राजवाड्यांनी पायपीट करून जमविलेली दप्तरे धुळ्याच्या मंडळाने जपली. अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये साचे चालविलेली पिढी आता थकली आहे. तिचे बोल आपण टिपू. पण ज्या कुलपाची चावी आपल्या हाती नाही, त्या पेटीत ते ठेवायचे नाहीत.