कामाची मागणी आणि तिची पोहोच



दारिद्र्यनिवारणाचा विचार मानवी हक्कांच्या दृष्टीने व्हावा असे आपण या परिषदेसाठी ठरविलेत आणि तिचे अध्यक्षपद माझ्याकडे सोपविलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. १० डिसेंबर १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्याने आपल्या पंचविसाव्या कलमात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांवरील प्रत्येक माणसाचा अधिकार मान्य केला, हे मोठेच कार्य झाले. परंतु उपाशी माणसाचा हक्क कोणत्या वाटेने खरा होतो आणि कोणत्या वळणावर हरवतो, हे पाहावयाचे असेल तर आपल्याच राज्यातील रोजगार हमी योजनेइतके बोधप्रद उदाहरण दुसरे नाही, आणि म्हणून आज मी तेवढ्यापुरतेच बोलणार आहे.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांच्यापैकी काहीजण या सभेत असतील. विहिरींनी तळ गाठलेला, दावणी रिकाम्या झालेल्या, आणि जमीनदार म्हणविणाऱ्या कुटुंबांतील सुनासुद्धा डोक्यावर पदर घेऊन खडी फोडावयास बसलेल्या. हातात सरकारी सुकडी आणि घरच्या ताटात परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी. लक्षावधी माणसे त्या कामांवर जगली, ही गोष्ट शासनाला आणि समाजाला भूषणावह आहे. तथापि ही कामे म्हणजे इंग्रजी अमदानीतील दुष्काळसंहितेचाच वारसा होता. आणेवारी खाली आली, सरकारने दुष्काळ जाहीर केला, म्हणजे कामे निघावयाची. पाऊस पडला म्हणजे ती बंद व्हावयाची. भूक कोणाची खरी आणि केव्हा खरी, हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी सरकारकडे होता. भुकेल्याने फक्त हात जोडावयाचे.

हा संबंध उलटा करण्याचे श्रेय विधानपरिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांचे. तासगाव तालुक्यातील प्रयोगातून त्यांनी जी कल्पना घडविली तिला १९७७ च्या कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले की पंधरा दिवसांच्या आत ते दिले पाहिजे, न दिल्यास बेकारभत्ता दिला पाहिजे, अशी ती तजवीज होती. भत्ता दिवसाला अवघा एक रुपया होता. पण त्या रुपयाचे मोल अर्थशास्त्राच्या हिशेबात बसणारे नाही, कारण काम न मिळणे हा मागणाऱ्याच्या दैवाचा भाग न राहता देणाऱ्याची कसूर ठरली, ती त्या रुपयामुळे.

येथे एका आक्षेपाचा परामर्श घेणे प्राप्त आहे. आपल्या राज्यघटनेच्या एकेचाळिसाव्या अनुच्छेदाने कामाचा हक्क सांगितला, परंतु तो राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. आणि खजिना रिता असता हक्काची भाषा बोलणे म्हणजे गरिबाला फसविणे होय, असे विचारवंत म्हणविणारी माणसेही सांगतात. महाराष्ट्राने या आक्षेपाला दिलेले उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. १९७५ मध्ये व्यवसायकर बसविला गेला. मुंबईच्या कचेरीतील पगारदाराच्या वेतनातून दरमहा होणारी ती लहानशी कपात, आणि तितकीच राज्याने घातलेली भर, या योजनेसाठी राखून ठेवण्यात आली. अमूर्त हक्काला अशा रीतीने स्वतःची थैली मिळाली. क्षमता आधी यावी आणि हक्क मागाहून, हा क्रम निसर्गनियम नव्हे, हे येथे सिद्ध झाले.

या योजनेत दोष नव्हते असे मी म्हणणार नाही. पहिल्याच पावसात वाहून गेलेले रस्ते, हजेरीपटावरील खोटी नावे, आठवड्यांमागून आठवडे थकलेली मजुरी, हे सारे आपण जाणता. पण ज्या गोष्टीने मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले ती याहून साधी आहे. मराठवाड्यातील एका तहसील कचेरीत काम मागावयास आलेल्या पंधरा-वीस बायका मी पाहिल्या. कारकुनाने अर्ज घेतले, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले आणि म्हटले, ‘‘ठेवून जा, साहेब दौऱ्यावरून आले की बघू.’’ इतर उठू लागल्या, पण त्यांतील एक वयस्क बाई जागची हलली नाही. ‘‘दादा, पोहोच द्या, मग जाते,’’ एवढेच ती पुनःपुन्हा म्हणत राहिली. कारकुनाला तिची अडचण नव्हती. अडचण होती त्या कागदावरील तारखेची. तारीख पडली की पंधरा दिवस मोजावे लागतात, आणि मुदत सरली की भत्त्याची जबाबदारी कोणावर तरी येते. २००५ च्या केंद्रीय कायद्याने शंभर दिवसांच्या कामाची हमी साऱ्या देशाला दिली, तारखेची पोहोच बंधनकारक केली, तरीही बेकारभत्ता प्रत्यक्ष हातात पडल्याची उदाहरणे विरळाच. कामाची मागणीच दप्तरात न नोंदविली जाणे हे त्याचे एक मोठे कारण आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपल्या चर्चांत पुरेसे लक्ष जात नाही. रोजगार हमीच्या हजेरीपटावर बाईचे नाव स्वतंत्र असते आणि मजुरीही तिच्या नावाने निघते. याउलट दिवाळीच्या सुमारास बीडहून ऊसतोडीला निघणारे जोडपे पाहा. नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादमाची उचल नवऱ्याच्या हाती. बाईने पहाटेपासून मोळ्या बांधल्या, वाहिल्या, गाडी भरली, तरी तिच्या श्रमाची वेगळी नोंद कोठेच नाही. गाव सोडल्यावर गावातल्या कामावरचा हक्कही मागेच राहतो, कारण आपले बहुतेक कायदे एका जागी राहणाऱ्या गरिबासाठी लिहिलेले आहेत, आणि पोटासाठी हिंडणाऱ्याचे नाव त्यांच्या रकान्यांत मावत नाही. भटक्या-विमुक्तांची अवस्था तर याहून बिकट. जन्माचा दाखला नाही म्हणून शिधापत्रिका नाही आणि वास्तव्याचा पुरावा नाही म्हणून दाखला नाही.

न्यायालयांकडून आपण पुष्कळ मिळविले आहे. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात, उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कातच अंतर्भूत आहे, असा ऐतिहासिक निर्णय दिला. परंतु त्याच निकालाने पावसाळ्यानंतर झोपड्या हटविण्याची मोकळीकही महापालिकेला दिली, हेही आपण विसरता कामा नये. तत्त्व मान्य झाले म्हणून छप्पर टिकतेच असे नाही. म्हणून आपल्यातील विधिज्ञांना माझी विनंती अशी, की त्यांनी उच्च न्यायालयाइतकाच वेळ तहसीलदारांच्या कचेरीलाही द्यावा.

दुपारच्या सत्रात ठराव यावयाचे आहेत. त्यांत दोन ठराव असावेत अशी माझी सूचना आहे. पहिला, प्रत्येक तालुक्यात आपल्या सभासदांनी आठवड्यातून एक दिवस मागणीअर्ज भरून देण्यास कचेरीच्या आवारात बसावे आणि तारखेची पोहोच घेतल्यावाचून कोणास परत पाठवू नये. दुसरा, ऊसतोडीच्या करारात बाईचे नाव व तिची मजुरी निराळी लिहिली जावी, या मागणीसाठी येत्या हंगामाच्या आत साखर आयुक्तांची भेट घ्यावी.