पाणी फेकायचं, डाळ नाही

सकाळचा स्वयंपाक आटोपून, डबे भरून, तिरोडा-आमगाव-देवरीहून मिळेल त्या गाडीनं इथं गोंदियात पोहोचलेल्या माझ्या मैत्रिणींनो. काही पुरुषही स्वयंपाक करून आले असतील. त्यांना वेगळा नमस्कार.

स्वयंपाकाची पुस्तकं म्हणजे साहित्य आहे का, असं मला या संमेलनाच्या निमित्तानं दोन-तीन जणांनी विचारलं. विचारणारे सगळे जेवून आलेले होते. वाद घालण्यात मला रस नाही, पण तारखा सांगते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापून आलं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० सालचं. म्हणजे मराठीत छापील पाकशास्त्र दीडशे वर्षांचं झालं.

आणि मग १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. आज इथं जमलेल्यांपैकी बऱ्याच जणींच्या घरात तिची हळदीचे डाग पडलेली, पाठ निसटलेली प्रत असेल. कमलाबाईंनी काय केलं? वाटी आणि चमचा हे माप धरलं आणि पुस्तकभर ते सोडलं नाही. नवऱ्याच्या नोकरीमागे परगावी गेलेल्या, सासू-आई कुणीच जवळ नसलेल्या मुलीला ‘अंदाजानं घाल’ हे वाक्य काही कामाचं नसतं. अंदाज यायला आधी दहा वेळा बिघडावं लागतं आणि बिघडलेलं खाणारं माणूस शांत असावं लागतं. दुसरी गोष्ट सगळ्यांच्या नशिबी नसते. मराठी गद्यात नेमकेपणा कुणी आणला याची चर्चा होते तेव्हा कमलाबाईंचं नाव कुणी घेत नाही. मी घेते.

पण या पुस्तकांतलं घर कुठलं आहे, हेही पाहायला हवं. ते मुंबईचं आहे, कोकणाचं आहे, पुण्या-सांगलीचं आहे. विदर्भाची पाळी आली की सावजी रस्सा, गोळाभात, वडाभात, फार तर पाटोडी, आणि गाडी नागपूरलाच थांबते. पुढं गोंदियापर्यंत रूळ आहेत, हे पाककृती लिहिणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. मारुती चितमपल्लींनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून आपलं तळं, पक्षी आणि रान मराठी वाचकाच्या घरात पोहोचवलं. आपली चूल अजून तशी पोहोचलेली नाही.

अलीकडच्या पुस्तकांत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. २०१५ साली ते आलं. २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि मग मराठीतल्या लोकांनाही ते नव्यानं दिसलं. आपल्याकडं असंच चालतं. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजत होतं, हे पाटोळ्यांनी पाककृतींसकट लिहिलं. तो पदार्थ त्या घरात का आला, तेल का नव्हतं, मांस वाळवून का ठेवावं लागे, हेही त्याच पानावर लिहिलं. कृती आणि कारण त्यांनी वेगळं काढलं नाही. गोंदिया जिल्ह्याच्या पाककृतींचं जे पुस्तक आपण काढणार आहोत, त्यात आपल्याला हेच करायचं आहे. आपल्या भागातला पदार्थ चुलीपाशी सुरू होत नाही. तो बांधीत, तलावात, रानात सुरू होतो, आणि तिथपासून लिहिला नाही तर तो अर्धाच लिहिला जातो.

लाखोळी हे कडधान्य घ्या. धानाची कापणी व्हायच्या आधी, बांधीत ओल असतानाच लाखोळीचं बी फेकून पेरतात. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. धान निघालं की मागं हिरवं शेत उभं असतं. याला उतेरा म्हणतात हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण पुस्तक पुण्यातही जाईल. कोवळे शेंडे खुडून भाजी करतात, उरलेली वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवतात, आणि दाणा आला की डाळ.

अर्जुनी मोरगावकडच्या एका घरी लाखोळीच्या डाळीचे वडे मी कागद-पेन घेऊन पाहिले. डाळ धुऊन गंजात, म्हणजे पातेल्यात, कडकडीत गरम पाण्यात भिजत टाकलेली. पाणी पिवळसर झालं की बाईंनी ते सगळं ओतून दिलं. पुन्हा गरम पाणी, पुन्हा ओतलं. मी म्हटलं, पाण्याबरोबर चव जाईल. त्या म्हणाल्या, ‘पानी फेकाचा, डार नाई फेकाची.’ मग पाट्यावर रवाळ वाटण. अगदी गंध केलं तर वडा दगड होतो. त्यात लसूण, हिरवी मिरची, जिरं, मीठ, मूठभर सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईची कोथिंबीर. ओल्या हातावर थापून तेलात. वरून तांबूस, आत ओलसर. सोबत लाल टमाट्याची चटणी. माप विचारलं तर बाईंनी पायली दाखवली, कारण पाहुणे चाळीस होते.

आता हे पाणी फेकणं. लाखोळीत एक द्रव्य असतं, ओडॅप म्हणतात त्याला. महिनोन्‌महिने जवळपास तेवढीच डाळ पोटात गेली तर ते मज्जासंस्थेवर जातं आणि माणूस पायांनी कायमचा पांगळा होऊ शकतो. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळे आणि त्यांच्यात हा रोग पसरला. १९६१ साली केंद्रानं विक्रीवर बंदी आणली. महाराष्ट्रानं ती २००८ साली उठवली. त्यासाठी नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. मधल्या काळात कमी ओडॅपची वाणंही आली. हे द्रव्य पाण्यात उतरतं, म्हणून गरम पाण्यात भिजवून पाणी टाकलं की त्याचं प्रमाण बरंच खाली येतं. त्या बाईंनी ओडॅप हा शब्द ऐकलेला नव्हता. कृती मात्र बरोबर होती.

ही आपलीच गोष्ट आहे असंही नाही. स्पेनमध्ये याच कडधान्याच्या पिठाचं गाचास नावाचं दाट पिठलं करतात. माद्रिदच्या १८११-१२ च्या दुष्काळात लोक या पिठावर जगले आणि पांगळे झाले. चित्रकार गोयानं त्यावर चित्र काढलं. तिथंही पुढं बंदी आली, आणि लोक घरी गाचास करत राहिले. २०१८ साली स्पेननं प्रसंगी थोडं खायला हरकत नाही, असं ठरवलं. दोन्हीकडे डाळीला दोष लागला, पण माणसाच्या ताटात दुसरं काहीच का नव्हतं, हा प्रश्न मागं पडला. आपल्या पुस्तकात लाखोळीच्या वड्यांच्या पानावर हे सगळं आलं पाहिजे. ‘कधीमधी करा, रोज नको, आणि पाणी न चुकता फेका’ ही ओळ ठळक अक्षरांत हवी.

रानभाज्यांना सध्या चांगले दिवस आलेत. कृषी विभाग दर पावसाळ्यात, ऑगस्टमधल्या आदिवासी दिनाच्या आसपास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. तरोटा, काटवल, कुड्याची फुलं, वास्ते, चमकोऱ्याच्या वड्या, सगळं मांडलेलं असतं, फोटो निघतात. मला आनंद होतो आणि थोडी धास्तीही वाटते. मोबाइलवरच्या एका मिनिटाच्या चित्रफितीत भाजी तोडणं, धुणं, फोडणी, ताट सगळं उरकतं. कोवळ्या बांबूचे वास्ते आधी चिरून, पाण्यात मुरवून, उकळून ते पाणी टाकावं लागतं, हे त्या मिनिटात बसत नाही. कडूकांदाच्या चकत्या वाहत्या पाण्यात ठेवतात, हे तर कुणी दाखवतच नाही. दुर्गाबाई भागवतांचं उदाहरण आहे. मध्य प्रदेशातल्या आदिवासी भागात संशोधनाला फिरत असताना विषारी सुरण खाण्यात आला आणि त्या कित्येक वर्षं आजारी राहिल्या. त्याच दुर्गाबाईंनी पुढं ‘खमंग’ लिहिलं, हे त्यांचं धाडस. आपल्या पुस्तकात प्रत्येक रानभाजीच्या पानावर तीन गोष्टी हव्यात: पान-फुलाचं स्वच्छ चित्र, तिच्यासारखं दिसणारं पण खायचं नाही असं दुसरं झाड, आणि काय टाकून द्यायचं ते.

तांदळाबद्दल तर मला भांडायचंच आहे. कुठलंही पुस्तक उघडा: ‘तांदूळ, १ वाटी’. कोणता? राइस मिलच्या या गावात असं वाक्य छापणं म्हणजे हद्द झाली. नवा तांदूळ आणि वर्षाचा जुना तांदूळ यांना पाणी सारखं लागत नाही. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाला आणखी वेगळं. चिन्नोरचा मऊ, वासाचा भात आणि एचएमटीचा मोकळा भात एका कृतीत बसत नाहीत. बालाघाट आणि भंडारा, आपल्या दोन्ही शेजाऱ्यांच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण मध्ये बसून दोन्हीकडचा खातो. आणि एचएमटी? तो शोधला नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी. दीडेक एकराचा शेतकरी, आपल्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या हेरून, वर्षामागून वर्ष निवडून वाण तयार केला आणि त्या वेळी मिरवल्या जाणाऱ्या घड्याळाचं नाव त्याला पडलं. २०१८ साली ते गेले. देशभर एचएमटी शिजतो. खोब्रागड्यांचं नाव असलेलं पाककृतीचं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. आपल्या पुस्तकात भाताच्या प्रकरणात ते पहिल्या पानावर असावं असं मी सुचवते.

मघाशी चाळीस पाहुण्यांचा उल्लेख केला. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दंडार होते, रात्रभर नाटक चालतं, आणि प्रत्येक घरी सोयरे उतरतात. कोंबडीचा रस्सा, वडे, भात, आणि घरातली बाई नाटक संपेपर्यंत चुलीपुढं. चार माणसांच्या वाटी-चमच्याचं माप तिच्या उपयोगाचं नाही. दहापट केलं की काम झालं असंही नसतं. तिखट आणि मीठ दहापट केलं तर पाहुणे पुढच्या वर्षी येणार नाहीत. मोठ्या गंजातल्या स्वयंपाकाचं प्रमाण, कशात किती वाढवायचं आणि कशात हात राखायचा, हे कुणीतरी एकदा नीट लिहायला हवं. कमलाबाईंच्या पुढचं काम तेच आहे आणि ते आपल्या झाडीपट्टीतल्या बायकांनीच करावं.

पुस्तकात कुणाकुणाची घरं असावीत, यावर संयोजकांशी माझी चर्चा झाली. पोवार, कोहळी, गोंड, हलबी, ढीवर ही नावं लगेच निघाली. ढिवरांचं प्रकरण मोठं हवं. मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांतले मासे, झिंगे, शिंगाडे, कमळकंद यांची जाण त्यांच्याइतकी कुणाला नाही. अर्जुनी मोरगाव भागात ढीवर बायकांनी तलावातलं बेशरम नावाचं तण उपटून पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा देशी मासे परत आले. माशाच्या कालवणाची पाककृती तिथूनच सुरू करावी लागेल. पण याच तालुक्यात अरुणनगरसारख्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. प्रतापगडाजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. पन्नास वर्षं ज्यांच्या चुली इथल्या सरपणावर पेटल्या, त्यांची मोहरीतली मासळी आणि त्यांचा थुक्पा गोंदिया जिल्ह्याच्या पुस्तकात का नको? शिवाय गोंदिया शहर रेल्वेच्या जंक्शनवर वाढलेलं. इथल्या बाजारात सिंधी आहे, मारवाडी आहे, छत्तीसगडी आहे. शुद्ध असं काही शोधायला गेलात तर उपाशी राहाल.

आता कामाचं. पुस्तक एकीच्या नावावर नको. जिनं कृती सांगितली तिचं आणि तिच्या गावाचं नाव, तिची हरकत नसेल तर, त्या कृतीखाली छापावं. ‘एका आदिवासी महिलेनं सांगितलेली’ ही ओळ मला चालणार नाही. भाषा सांगणारीचीच ठेवावी. गंज, सराटा, आयते हे शब्द बदलू नयेत, लागलं तर शेवटी अर्थ द्यावा. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या शब्दांचा कोश करून ठेवला आहे, त्यामुळं त्याचीही सोय आहे. अक्षर मोठं हवं, कारण पुस्तक हातभर लांब ठेवून वाचलं जातं. किंमत अशी हवी की बचत गटाच्या बाईला नवऱ्याला विचारावं लागू नये. गुळगुळीत कागद नको. तेलाचा हात लागायचाच आहे, लागू द्या.

एक मुद्दा राहिला आणि त्यावर संयोजकांचं आणि माझं एकमत नाही. सात्या, म्हणजे वारुळांवरच्या अळिंब्या, कुठं उगवतात, कोणत्या वारुळांवर, कोणत्या पावसानंतर, याचा नकाशा पुस्तकात असावा असं काहींचं म्हणणं आहे. त्यानं पुस्तक खपेल, हे मलाही मान्य आहे. पण त्या जागा काही घरांत आईनं मुलीला दाखवलेल्या असतात. पहिल्या पावसात पहाटे निघून टोपली भरायची आणि बाजारात आणून विकायची, यावर त्या घराचे तेवढे चार दिवस चांगले जातात. नकाशा छापला तर पुढच्या वर्षी तिथं मोटारी उभ्या असतील. सात्या निवडायच्या कशा, माती कशी झटकायची, चांगल्या ओळखायच्या कशा आणि संशय आला तर टाकून कशा द्यायच्या, हे सगळं द्यावं. जागा देऊ नये. संपादक मंडळानं यावर मत घेतलं तर माझं मत विरोधात धरावं, एवढं अध्यक्ष म्हणून नोंदवून ठेवते आणि पुढच्या सत्रातल्या वक्त्यांना जागा करून देते.