लोखंड झेपतं, पण वाकायचं कसं?



परवा गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला आणि एक ताई म्हणाल्या, "पोरीची जिम बंद केली मी. पोलीस भरतीची तयारी करत होती, पण बार ओढून कंबर धरली. पोरीच्या जातीला लोखंड झेपत नाही."

पोरगी तिथंच होती. तिला म्हटलं, काठी घे आणि दाखव कशी करतेस. तिनं पाठीची कमान केली अन् हिसका देऊन काठी वर ओढली. दुखण्याचं मूळ तिथंच दिसलं.

या व्यायामाला बारबेल रोइंग म्हणतात. नावेचं वल्हं मागं ओढावं तसा वाकून बार पोटाकडं ओढायचा. पाठ, खांदे, दंड बळकट होतात. पण वाकायचं ते पाठीतून नव्हे, खुब्यातून.

पाय कंबरेइतके फाकवा. गुडघे जरा सैल सोडा. मागं पाट आहे आणि त्यावर बसायचंय, असं समजून ढुंगण मागं न्या. पाठ सरळ, मान पाठीच्या रेषेत. बार मांड्यांजवळच राहू द्या. पोट घट्ट करा, कोपरं मागं नेत बार बेंबीकडं ओढा, खांद्यामागचे फरे जवळ आणा. ओढताना श्वास सोडा. मग सावकाश खाली. हिसका द्यावा लागला, तर वजन जास्त आहे असं समजा.

पाठ सरळ आहे का, हे कसं कळायचं? पाठीवर उभी काठी धरा. डोक्याचा मागचा भाग, दोन फऱ्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकली पाहिजे. वाकताना एकही जागा सुटता कामा नये. हे जमल्यावरच बार. मोठा बार रिकामाच २० किलोचा असतो, म्हणून सुरुवात पाण्याच्या दोन बाटल्यांनी केली तरी चालेल.

आता आपलं बघा. दुधानं भरलेली २० लिटरची किटली त्या बारपेक्षा जड. ती आपण रोज पाठ वाकवून, हिसक्यानं उचलतो. वैरणीचा भारा, पाण्याची घागर, तेच. तिथंही खुब्यातून वाका, ओझं अंगाजवळ घ्या, उचलून वळताना कंबर पिळू नका, पाय वळवा.

गरोदर असाल, अंग बाहेर येत असेल, कंबरेतून पायात कळ जात असेल किंवा मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा. दुखणं अंगावर काढू नका.

आणि लोखंड झेपण्याचं म्हणाल, तर शेजारच्या सांगलीची काजल सरगर २०२२ साली पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं सुवर्णपदक घेऊन आली. ती पण आपल्यासारख्याच घरची पोर.

त्या ताईंनी लेकीला डॉक्टरांना दाखवलं. आता दुखणं थांबलंय, पोरगी पुन्हा जिमला जाते, सध्या हलक्या वजनावर. पुढच्या बैठकीला तुम्हीही एक काठी घेऊन या. एकमेकींची पाठ बघू.