न्यायासनावरचा माणूस
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



जोतीराव फुल्यांनीं सन १८७३ मध्यें आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील ज्या भल्या लोकांना अर्पण केलें, त्यांनीं काळ्या गुलामांची सुटका केली होती. पण पायांतली बेडी तुटली म्हणजे कोर्टांत न्याय मिळतोच असें नाहीं. त्याच देशांतील एका लहान गांवच्या न्यायाधिशाची हकीगत आज सांगतों.

अलाबामा राज्यांत २५ मार्च १९३१ रोजीं एका मालगाडींत गोऱ्या व काळ्या पोरांची मारामारी झाली. खालीं ढकललेल्या गोऱ्यांनीं तक्रार केली, तेव्हां पुढें गाडी अडवून नऊ काळीं पोरें धरण्यांत आलीं. गाडींत दोन गोऱ्या मुलीहि निघाल्या. या पोरांनीं आमची अब्रू लुटली, असें त्यांनीं सांगितलें. पंधरा दिवसांत स्कॉट्सबरोच्या कोर्टानें आठजणांना फांशी सुनावली! वकील केवळ नांवाचा होता, म्हणून वरिष्ठ कोर्टानें १९३२ मध्यें तो निकाल फिरविला. खटला पुन्हां डिकेटर गांवीं उभा राहिला. न्यायासनावर होते शेजारच्या अथेन्स गांवचे जेम्स हॉर्टन.

गांव खवळलेला होता. कैद्यांवर जो चाल करून येईल त्याच्यावर पहाऱ्याचे शिपाई गोळी झाडतील, असें हॉर्टननीं भर कोर्टांत बजावलें. पुरावा मात्र ते सुपांत धान्य पाखडावें तसा पाखडीत होते. त्याच दिवशीं मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरास तेवढ्या अत्याचाराच्या खुणा दिसल्या नव्हत्या. दोघींपैकीं एक तर कोर्टांत येऊन म्हणाली कीं, असें कांहीं घडलेंच नाहीं. तरी ज्यूरीच्या बारा गोऱ्यांनीं हेवुड पॅटर्सन या पोरास फांशीच ठरविली.

आतां न्यायाधिशानें काय करावें? तेथें न्यायाधीश मतांनीं निवडला जातो, आणि तेव्हां मतें गोऱ्यांच्या हातांत होतीं. निवडणूक वर्षावर आलेली. गप्प बसते तर कोणी बोट दाखविलें नसतें. पण २२ जून १९३३ रोजीं त्यांनीं एकेक साक्ष तपासून दाखविली, आणि निकाल पुराव्याला धरून नाहीं म्हणून तो रद्द केला. खटला त्यांच्या हातून गेला, आणि १९३४ मध्यें मतदारांनीं त्यांना घरीं बसविलें.

एवढ्यानें पोरें सुटलीं का? नाहीं. दुसऱ्या न्यायाधिशापुढें पुन्हां फांशीच ठरली. सन १९३५ मध्यें वरिष्ठ कोर्टानें निर्णय दिला कीं, ज्यूरींतून काळ्यांना वगळणें बेकायदा आहे. चौघे १९३७ मध्यें सुटले. शेवटचा १९५० मध्यें तुरुंगाबाहेर पडला. फांशीवर कोणी चढला नाहीं, पण उमेदीचीं वर्षें गेलीं तीं गेलींच. राहिलेल्या तिघांना अलाबामानें माफी दिली ती २०१३ मध्यें, त्यांच्या मरणानंतर!

बंधूंनो, एकटा भला न्यायाधीश पुरा पडत नाहीं. निवाडा करणाऱ्यांत आरोपीच्या समाजाचा एकहि माणूस नसेल, तर निकाल आधींच ठरलेला असतो. आणि आपलें काय? गांवांत चोरी झाली कीं आपणहि ठराविक वस्तीकडेच बोट दाखवितों कीं नाहीं? अशा वेळीं कोणीतरी उठून विचारावें, 'पुरावा काय?' विचारणाऱ्यावर भाऊबंद रागावतील, त्याचीं मतें जातील. पण कोणा गरिबाचा गळा वाचेल.

इतकें बोलून मी खालीं बसतों.