'नया दौर' आणि आपला मोंढा



कामगार संघटनेच्या माणसाने मजुरीवर बोलावे, बोनसवर बोलावे. बोलपटाशी त्याला काय कर्तव्य, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सोपे आहे. आम्ही आज ज्या बोलपटाविषयी बोलणार आहोत त्यात प्रेम आहे, गाणी आहेत, दोन मित्रांचे वैर आहे. पण त्याच्या मुळाशी मजुरीचाच प्रश्न आहे. तो बोलपट म्हणजे बी. आर. चोप्रा यांचा 'नया दौर'. तो १९५७ साली मुंबईत तयार झाला. 'मदर इंडिया', 'प्यासा' आणि आपल्या शांतारामबापूंचा 'दो आंखें बारह हाथ' हेही त्याच वर्षीचे.

कथा अख्तर मिर्झा यांची. एका गावात लाकडाची वखार आहे आणि देवदर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंवर पोट भरणारे टांगेवाले आहेत. मालक शेठजी जुन्या वळणाचे. ते यात्रेला जातात आणि कारभार मुलाच्या, कुंदनच्या हाती येतो. तो आरायंत्र आणतो, वखारीतले मजूर घरी बसतात. मग तो मोटार आणतो, टांगेवालेही घरी बसतात. शंकर नावाचा टांगेवाला, म्हणजे दिलीपकुमार, टांगा आणि मोटार यांच्या शर्यतीची पैज स्वीकारतो. टांग्याला जवळची वाट मिळावी म्हणून सारा गाव कुदळ-फावडे घेऊन रस्ता करतो, आणि अखेर टांगा जिंकतो.

श्रोतेहो, आपल्या भागाला मोटार तेव्हा नवी नव्हती. निजामाच्या रेल्वेने १९३२ सालीच हैदराबाद संस्थानात प्रवासी मोटारी सुरू केल्या होत्या. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या तोंडाशी, मनमाड-हैदराबाद लोहमार्ग झाला. रेल्वेने मुलखाचा कापूस बाहेर नेला आणि जिनिंग-प्रेसिंगला बरकत आली. तेव्हा यंत्राने येथे नुसती पोटे मारली असे म्हणणे खरे होणार नाही. यंत्राने कामे दिलीही आहेत. शंकरही यंत्राचा शत्रू नाही. यंत्र येऊ द्या, पण त्याच्या लाभात आमचाही वाटा ठेवा, एवढेच त्याचे मागणे आहे. आमच्या मते बोलपटातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. भांडण लोखंडाशी नाही, हिशेबाशी आहे. यंत्रामुळे जी बचत झाली ती कोणाच्या खिशात गेली, हा प्रश्न आहे.

आता त्या प्रेमकथेकडे वळू. पुष्कळ जण म्हणतात, ती नसती तरी चालले असते. आम्हाला तसे वाटत नाही. शंकर आणि कृष्णा हे जिवलग मित्र एकाच मुलीवर, रजनीवर, अनुरक्त होतात. कोणी माघार घ्यायची याचा निवाडा ते कसा करतात? ती देवळात कोणती फुले वाहते, यावर! शंकरची बहीण मंजू हिचा जीव कृष्णावर. म्हणून ती फुलांची अदलाबदल करते. कृष्णाला ते कळते, शंकरनेच दगा केला असा त्याचा ग्रह होतो, आणि तो कुंदनला जाऊन मिळतो. पुढे शर्यतीच्या वाटेवरला पूल मोडायला निघतो तोही हाच मित्र.

यात दोन धडे आहेत. पहिला असा की, एकजूट मालकाच्या बळाने क्वचितच फुटते. ती आतल्या संशयाने फुटते. मालक फक्त दार उघडून उभा असतो. दुसरा धडा बोलपटाने स्पष्ट सांगितलेला नाही, तरी तो त्यात आहे. दोघा मित्रांनी रजनीला एका शब्दाने विचारले असते, तर फुलांचा सारा घोळ झालाच नसता. रस्ता खणताना पाट्या वाहायला बाया चालतात. निर्णयाच्या वेळी मात्र त्यांना कोणी विचारीत नाही. जिनिंगमध्ये कापूस सारणाऱ्या आणि मोंढ्यात धान्य झाडणाऱ्या, चाळणाऱ्या बायांची गोष्ट याहून निराळी आहे काय? जी संघटना आपल्या अर्ध्या माणसांना विचारीत नाही, तिचा पूल मोडायला कुंदनची गरज पडत नाही.

बोलपटाच्या घडणीतही असाच एक प्रकार झाला. रजनीची भूमिका आधी मधुबालाकडे होती. चित्रीकरणासाठी मुंबईबाहेर जाण्यास तिच्या वडिलांनी हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेले आणि भूमिका वैजयंतीमालेकडे आली. त्या वादातही पुढे होते ते वडील आणि निर्माता. याउलट एका मराठी मुलीला याच बोलपटाने हात दिला. नायिकेची गाणी गायची मोठी संधी ओ. पी. नय्यर यांनी आशा भोसले यांना दिली, आणि त्यानंतर त्यांना मागे वळून पाहावे लागले नाही.

आता बोलपटाच्या शेवटाविषयी. मंजू खरे काय ते सांगते, कृष्णाचे डोळे उघडतात, पूल सावरला जातो आणि टांगा जिंकतो. पाहताना टाळ्या वाजतात, आणि वाजाव्यातच. पण आपण घरी जाऊन शांतपणे विचार करावा. टांगा एक दिवस मोटारीला हरवील, रोज कसा हरवणार? घोडा थकतो, इंजिन थकत नाही. आज आपल्या सेलूतही टांग्याचा शब्द उरला आहे, टांगा उरलेला नाही. शर्यतीने आणि शेठजींच्या चांगुलपणाने मिळालेला न्याय त्या शेठजींपुरताच टिकतो. मुलगा गादीवर बसला की तो गेला.

बोलपटात जे नाही ते महाराष्ट्रात बारा वर्षांनी झाले. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसांना अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांनी पुण्यात संघटित केले, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याची मेख अगदी साधी आहे. हमालाला एक मालक नसतो. आज या अडत्याकडे, उद्या त्या. म्हणून मालक आणि हमाल या दोघांचीही नोंद मंडळाकडे व्हायची. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार. कोणाच्या दयेचा प्रश्न उरला नाही. हा झाला पक्का रस्ता, कुदळीने खणलेला नव्हे, तर कलमांनी बांधलेला.

परंतु रस्ता कितीही पक्का असला तरी तो राखावा लागतो. ज्याची नोंद नाही त्याला कायदा दिसत नाही. आज सोयाबीनच्या रानात हार्वेस्टर आले आहे, पोती उचलायला यंत्रे येत आहेत, आणखीही येतील. त्यांना अडवा, असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, यंत्र येण्यापूर्वी त्या कामावर किती हात होते याची यादी करावी, त्यांतल्या बायांची नावे आधी लिहावीत, आणि त्या हातांचे पुढे काय, हे यंत्र बसवण्याच्या आधी बैठकीत ठरावे. मोंढ्यातले व्यापारी बंधूही या सभेत आहेत. त्यांनाही हेच सांगणे आहे, कारण मजुराच्या हाती पैसा असला तरच त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक येणार आहे.

पुन्हा कधी 'नया दौर' पाहण्याचा योग आला तर शर्यत जरूर पाहा. पण रस्ता खणणारी माणसे अधिक लक्ष देऊन पाहा. शर्यत एका माणसाने जिंकली. रस्ता सर्वांनी केला होता.