फ्लिंटच्या नळाचे पाणी

(वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी कित्येकींच्या लेकी-सुना अमेरिकेत नांदत आहेत. त्यांच्याकडून कळते ती अमेरिका श्रीमंत, स्वच्छ व सोयींची. ती खोटी आहे असे मुळीच नाही. परंतु आज मी मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराची हकीकत सांगणार आहे. प्रश्न उद्योगधंद्यांचा आणि कर्जाचा असला, तरी तो उघडकीस आला स्वयंपाकघरातल्या नळापाशी.

जनरल मोटर्स ही कंपनी १९०८ साली याच गावी स्थापन झाली. मोटारींच्या कारखान्यांवर गाव पोसले. १९३६-३७ च्या हिवाळ्यात कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडून संप केला, तेव्हा बायकांचे पथक लाल टोप्या घालून त्यांच्या पाठीशी उभे राहिले. संप यशस्वी झाला. १९६० साली वस्ती दोन लाखांच्या घरात होती. पुढे कारखाने एकामागून एक बंद पडले, ज्यांना जमले ते गाव सोडून गेले, आणि २०२० च्या शिरगणतीत उरले अवघे ८१ हजार. माणसे जातात, पण जमिनीखालचे नळ त्यांच्याबरोबर जात नाहीत! त्यांचा सारा खर्च मागे राहिलेल्यांच्या माथी आला. त्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय, आणि पुष्कळसे गरीब.

नगरपालिका कर्जात बुडाली, म्हणून २०११ साली राज्य सरकारने आपला व्यवस्थापक नेमला. लोकांनी निवडलेल्या सभासदांच्या हाती काही उरले नाही. मग काटकसर म्हणून २५ एप्रिल २०१४ रोजी डेट्रॉइटकडून येणारे सरोवराचे पाणी बंद करून गावच्या नदीचे पाणी नळांना सोडले.

कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात आमटी ठेवली तर ती कळकते, हे तुम्हांला सांगायला नको. शिशाच्या जुन्या नळांनाही आतून असाच एक थर धरलेला असतो. तो टिकावा म्हणून पाण्यात औषध घालावे लागते. नदीच्या पाण्यात ते घातलेच नाही. थर विरला, शिसे पाण्यात उतरले. आणि शिसे उकळून जात नाही. लहान मुलाच्या मेंदूला ते कायमचे बाधते.

बायका गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना गेल्या. मुलांच्या अंगावर पुरळ उठले होते. त्यांना उत्तर मिळे, पाणी चांगले आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये मोटारींच्या कारखान्याने तक्रार केली की या पाण्याने इंजिनाचे भाग गंजतात. त्याला मात्र लगेच दुसरे पाणी मिळाले. घरांना आणखी एक वर्ष तेच पाणी प्यावे लागले. या साऱ्या हकीकतीत मला अधिक लागले ते हेच.

लीअ‍ॅन वॉल्टर्स या चार मुलांच्या आईने शास्त्रज्ञांच्या मदतीने घरोघरचे पाणी तपासून घेतले. बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अ‍ॅटीशा या इराकी कुटुंबातल्या. घरी जेवायला आलेल्या शाळेपासूनच्या मैत्रिणीने, जी पाण्याच्या कामातली जाणकार होती, त्यांना औषधाची गोष्ट सांगितली. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याचे कागद काढले, तो रक्तात जादा शिसे असलेल्या मुलांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झालेले! सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी हे जाहीर केले, तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनी आधी त्यांनाच खोटे ठरवले. ऑक्टोबरात मात्र सरोवराचे पाणी परत आले.

शिशाचे नळ २०२० पर्यंत बदलण्याचे कोर्टात कबूल केले होते. सुमारे ११ हजार नळ बदलून होईपर्यंत २०२५ उजाडले. भरपाई ६० कोटी डॉलरांहून अधिक ठरली, तीही मुलांच्या हाती पडायला वर्षे लागली.

त्याच डॉक्टरीणबाईंच्या पुढाकाराने जानेवारी २०२४ पासून फ्लिंटमधल्या प्रत्येक गरोदर बाईला १,५०० डॉलर, आणि बाळ झाल्यावर वर्षभर दरमहा ५०० डॉलर दिले जाऊ लागले. मिळकत किती, नवरा काय करतो, हे कोणी विचारत नाही. दूध, लंगोट की घरभाडे, ते त्या आईने ठरवायचे. मिशिगनमधल्या इतर गावांनीही आता ही पद्धत उचलली आहे.